गुणांच्या रकान्यापलीकडे : बास्केटबॉलचा बॉक्स स्कोअर कसा वाचावा

चेन्नई : येथील जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये २५ नोव्हेंबर २०२४ रोजी भारताच्या पुरुष बास्केटबॉल संघाने आशिया चषक पात्रता फेरीत कझाकस्तानवर ८८-६९ अशी मात केली. अशा सामन्याच्या बातमीत सहसा अंतिम गुणसंख्या असते आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या एक-दोन खेळाडूंची नावे असतात. बाकीचा सामना त्याच रात्री दुसऱ्या एका रूपात नोंदला गेलेला असतो. प्रत्येक संघाच्या बारा खेळाडूंच्या बारा ओळी, प्रत्येक ओळीत वीसच्या आसपास आकडे आणि तळाशी बेरजा असा हा तक्ता. त्यालाच ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात.

क्रिकेटचा धावफलक वाचण्यास मराठी वाचकाला कोणी शिकवावे लागत नाही. ‘झे. अमुक गो. तमुक’ एवढ्या अक्षरांवरून त्याच्या डोळ्यांसमोर विकेट उभी राहते. बास्केटबॉलच्या तक्त्याबाबत ही सवय आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. परिणामी नजर थेट शेवटच्या रकान्याकडे, म्हणजे गुणांकडे जाते आणि तेथेच थांबते. हा केवळ प्रेक्षकाच्या आनंदाचा प्रश्न असता तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. पण भारतात हा खेळ खेळणाऱ्या असंख्य मुलामुलींच्या दृष्टीने राज्याच्या वा देशाच्या संघात स्थान मिळणे म्हणजे रेल्वे, बँका, पोलीस किंवा प्राप्तिकर विभागात क्रीडा कोट्यातून नोकरीचे दार उघडणे होय. चेन्नईत तर इंडियन ओव्हरसीज बँक, इंडियन बँक, इंटिग्रल कोच फॅक्टरी अशा आस्थापनांच्या संघांनीच हा खेळ जगवला. भारतीय महिला संघाची माजी कर्णधार, पुण्याची शिरीन लिमये महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षकपदापर्यंत पोहोचली, तीही याच खेळाच्या बळावर. ज्याची निवड आकड्यांवरून व्हायची, त्याचे नेमके कोणते आकडे पाहिले जातात, हा म्हणूनच पोटापाण्याचा प्रश्न ठरतो.

आधी दोन कागदांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. मैदानाच्या कडेला अधिकाऱ्यांच्या टेबलावर स्कोअरर जो कागद भरतो ती ‘स्कोअरशीट’. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार ती सामन्याची अधिकृत नोंद असते. तिच्यात गुणांची चढती मालिका असते. दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, मुक्त फेकीला भरीव ठिपका, आणि तीन गुण मिळवणाऱ्याच्या क्रमांकाभोवती वर्तुळ. शिवाय प्रत्येकाचे फाउल आणि दोन्ही संघांनी घेतलेले टाइमआउट. एवढेच. चेंडू कोणी हिसकावला, कोणाच्या पासवर बास्केट झाली, चुकलेली फेक कोणी टिपली, किती फेकी वाया गेल्या, यांपैकी एकाही गोष्टीला त्या कागदावर जागा नाही. ही माहिती बॉक्स स्कोअरमध्ये येते आणि तो तयार करणारी माणसे वेगळी असतात. मोठ्या स्पर्धांत एक जण खेळावरून डोळे न हलवता घटना बोलत जातो आणि दुसरा ती संगणकावर टिपत जातो. शालेय, तालुका वा जिल्हा पातळीवर सहसा स्कोअरशीटच तेवढी भरली जाते. त्यामुळे ज्या वयात खेळाडू घडतो, त्या वयातला त्याचा खेळ गुण आणि फाउल या दोनच रूपांत कागदावर उरतो.

आता तक्ता उघडू. खेळाडूच्या नावानंतर पहिला रकाना मिनिटांचा. फिबाच्या सामन्यात दहा-दहा मिनिटांची चार सत्रे असतात आणि एका वेळी पाच जण मैदानावर असतात. म्हणून एका संघाच्या सर्व खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज २०० येते. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत सत्र बारा मिनिटांचे, तेथे ती २४० भरते. जादा वेळ झाला तर प्रत्येक पाच मिनिटांमागे २५ मिनिटे वाढतात. मिनिटांकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे ही नवख्या वाचकाची पहिली चूक. बारा मिनिटांत आठ गुण आणि अडतीस मिनिटांत चौदा गुण यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करता येत नाही.

त्यानंतर फेकींचे रकाने येतात. ते ‘सफल/प्रयत्न’ अशा जोडीने लिहिलेले असतात. ७/१५ म्हणजे पंधरा फेकी टाकल्या, सात बास्केटमध्ये गेल्या. येथे एक खोच आहे. ‘फील्ड गोल’ या रकान्यात दोन गुणांच्या आणि तीन गुणांच्या फेकी एकत्र मोजलेल्या असतात. मुक्त फेकी तेवढ्या वेगळ्या. त्यामुळे फील्ड गोल आणि तीन गुणांच्या फेकी यांची पुन्हा बेरीज केली तर हिशेब फसतो. आणखी एक बारकावा असा, की फेक टाकताना खेळाडूवर फाउल झाला आणि चेंडू बास्केटमध्ये गेला नाही, तर तो प्रयत्न धरला जात नाही. चेंडू गेला तर मात्र प्रयत्न आणि यश दोन्ही नोंदले जातात.

हिशेब पडताळण्यासाठी या खेळातील सर्वांत प्रसिद्ध ओळ घ्यावी. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतील हर्शी या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्याची नोंद फील्ड गोल ३६/६३, मुक्त फेकी २८/३२ अशी आहे. त्या काळी एनबीएत तीन गुणांची रेषाच नव्हती, ती १९७९-८० च्या हंगामात आली; म्हणून ३६ दुणे ७२ आणि त्यात २८ मिळवले की शंभर. कारकिर्दीत चेंबरलेनच्या निम्म्याच्या आसपासच मुक्त फेकी सफल झाल्या. त्या रात्री बत्तीसपैकी चारच चुकल्या. शंभर गुणांचे रहस्य पुष्कळसे या लहानशा रकान्यात दडले आहे आणि ते केवळ ‘१००’ या आकड्यावरून कधीच कळले नसते.

दुसरी ओळ कोबी ब्रायंटची. २२ जानेवारी २००६ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सकडून टोरंटोविरुद्ध त्याने ८१ गुण केले, तेव्हा फील्ड गोल २८/४६, त्यांपैकी तीन गुणांचे ७/१३, मुक्त फेकी १८/२० अशी नोंद झाली. २८ मधून ७ वजा केले की दोन गुणांच्या २१ बास्केट उरतात. त्यांचे ४२, तीन गुणांच्या फेकींचे २१ आणि मुक्त फेकींचे १८ मिळून ८१. गंमत अशी, की चेंबरलेन आणि ब्रायंट या दोघांच्याही ओळीत ‘असिस्ट’च्या रकान्यात दोन हाच आकडा आहे.

असिस्ट म्हणजे ज्या पासमुळे सहकाऱ्याची बास्केट थेट झाली तो पास. हा तक्त्यातील सर्वांत मानवी आकडा. पास मिळाल्यावर सहकाऱ्याने चेंडू दोनदा आपटला, बचावपटूला हुलकावणी दिली आणि मग फेक टाकली, तर श्रेय पासचे की त्याच्या स्वतःच्या कौशल्याचे, हे नोंद करणाऱ्याला क्षणार्धात ठरवावे लागते. नियमही सर्वत्र सारखे नाहीत. पास मिळालेल्या खेळाडूवर फेक टाकताना फाउल झाला आणि त्याने निदान एक मुक्त फेक सफल केली, तर फिबाच्या पद्धतीत पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. दोन स्पर्धांतील असिस्टची तुलना करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

रिबाउंड म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर कडीवरून वा फलकावरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे. त्याचे दोन प्रकार तक्त्यात वेगळे दाखवलेले असतात. प्रतिस्पर्ध्याची फेक चुकल्यावर चेंडू पकडला तर तो बचावातील रिबाउंड, आपल्याच संघाची फेक चुकल्यावर पकडला तर आक्रमणातील. दिसायला दोन्ही सारखेच, पण किंमत वेगळी. बचाव करणारे खेळाडू बहुधा बास्केटच्या जवळ उभे असतात, त्यामुळे पहिला प्रकार अपेक्षितच असतो. दुसरा मात्र गर्दीतून हिसकावून घ्यावा लागतो आणि तो संघाला आणखी एक संधी मिळवून देतो. एखाद्या खेळाडूचे सहापैकी चार रिबाउंड आक्रमणातील असतील, तर त्याने किती धक्के खाल्ले असतील याची कल्पना अनुभवी वाचकाला येते.

चेन्नईकरांना हा प्रकार डोळ्यांनी पाहता आला तो २००९ च्या सप्टेंबरात, जेव्हा महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात भरली. चीनने विजेतेपद मिळवलेल्या त्या स्पर्धेत भारताची मदार होती ती दक्षिण रेल्वेकडून खेळणाऱ्या सेंटर गीतू अॅना जोस हिच्यावर. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगमधील संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. सेंटर म्हणजे बास्केटच्या सर्वांत जवळ खेळणारी उंच खेळाडू. अशा खेळाडूची ओळ वाचताना गुणांइतकेच रिबाउंड, ब्लॉक आणि ‘मिळवलेले फाउल’ हे रकाने पाहावेत. शेवटचा रकाना फिबाच्या तक्त्यात असतो. प्रतिस्पर्ध्यांनी तिला अडवण्यासाठी किती वेळा नियम मोडले, हे तो सांगतो. फिबाच्या नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो. तेव्हा समोरच्या संघाच्या उंच खेळाडूंना तीन-चार फाउलांच्या ओझ्याखाली आणणे हेही एक आक्रमणच असते.

स्टील म्हणजे चेंडू हिसकावणे, ब्लॉक म्हणजे टाकलेली फेक हवेतच अडवणे, टर्नओव्हर म्हणजे फेक न टाकताच चेंडू गमावणे. मग ते चुकीचा पास दिल्यामुळे असो, चेंडू न आपटता पावले टाकल्यामुळे असो किंवा आक्रमण करताना फाउल केल्यामुळे. चोवीस सेकंदांत फेक टाकली नाही तर होणारा टर्नओव्हर कोणा एकाच्या नव्हे, संघाच्या नावावर जातो. एनबीएने स्टील आणि ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून, टर्नओव्हरची १९७७-७८ पासून सुरू केली. चेंबरलेनचा शेवटचा हंगाम १९७२-७३ चा. बचावाच्या जोरावर बोस्टनला अकरा विजेतेपदे मिळवून देण्यात ज्याचा सिंहाचा वाटा होता, तो बिल रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. फेकी अडवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या दोघांचा ब्लॉकचा अधिकृत आकडा आज कोठेही सापडत नाही. रकाना नव्हता, म्हणून नोंद नाही.

हे सर्व रकाने एका आकड्यात गोळा करण्याचा प्रयत्न फिबाच्या तक्त्यात ‘कार्यक्षमता’ या नावाने केलेला असतो. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक यांची बेरीज करायची. तिच्यातून चुकलेल्या फेकी, चुकलेल्या मुक्त फेकी आणि टर्नओव्हर वजा करायचे. एका काल्पनिक सामन्यातील दोन खेळाडू घेऊ. पहिल्याने २२ गुण केले. फील्ड गोल ८/२१, त्यांत तीन गुणांचे २/९, मुक्त फेकी ४/८, तीन रिबाउंड, एक असिस्ट, पाच टर्नओव्हर. दुसऱ्याचे गुण नऊच. फील्ड गोल ४/६, मुक्त फेकी १/२, पण रिबाउंड अकरा, असिस्ट चार, स्टील दोन, ब्लॉक एक, टर्नओव्हर एक. बातमीत पहिल्याचे नाव येईल. हिशेब मांडला तर पहिल्याची बेरीज २६, वजाबाकी तेरा चुकलेल्या फेकी, चार मुक्त फेकी आणि पाच टर्नओव्हर अशी २२, म्हणजे कार्यक्षमता ४. दुसऱ्याची बेरीज २७, वजाबाकी ४, कार्यक्षमता २३. पहिल्याने संघाच्या वाट्याच्या अठरा संधी, म्हणजे तेरा फेकी आणि पाच टर्नओव्हर, बास्केटविना संपवल्या. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर त्याने धावा केल्या खऱ्या, पण निम्मी षटके निर्धाव घालवून.

अर्थात कार्यक्षमतेचा आकडाही डोळे झाकून स्वीकारण्याजोगा नाही. तो प्रत्येक गोष्टीला एकच वजन देतो. बचावात सहज हाती आलेला रिबाउंड आणि अखेरच्या मिनिटात हिसकावलेला चेंडू, दोन्हींना एक. शिवाय जो संघाचा मुख्य आक्रमक आहे, त्याच्याकडेच चोवीस सेकंदांचे घड्याळ संपत आलेले असताना चेंडू येतो. त्या अवघड फेकी चुकतात त्या त्याच्याच नावावर. आठ बाय एकवीस ही नोंद वाचताना त्या एकवीसपैकी किती फेकी नाइलाजाच्या होत्या, हे तक्ता सांगत नाही.

उजव्या टोकाला अधिक-उणे चिन्हांचा एक रकाना असतो. तो ‘प्लस-मायनस’. खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने केलेले गुण वजा प्रतिस्पर्ध्यांनी केलेले गुण, इतकी साधी त्याची व्याख्या. चेन्नईच्या सामन्यात भारत १९ गुणांनी जिंकला आणि प्रत्येक क्षणी पाच भारतीय मैदानावर होते; त्यामुळे भारताच्या सर्व खेळाडूंच्या प्लस-मायनसची बेरीज १९ गुणिले ५, म्हणजे अधिक ९५ यावी लागते आणि कझाकस्तानची उणे ९५. एका सामन्यापुरता हा आकडा फसवा असतो. उत्तम सहकाऱ्यांबरोबर खेळलेल्या राखीव खेळाडूला तो उगाच मोठे करतो. सामना हातातून गेल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत उतरलेल्या मुलाला तो उगाच बुडवतो. पण पंधरा-वीस सामन्यांत तोच खेळाडू पुन्हा पुन्हा अधिक बाजूस दिसू लागला, तर प्रशिक्षकाने त्याचा खेळ नीट पाहावा. ज्या कामाला रकाना नाही, ते काम तेथे चालू असण्याचा संभव आहे. सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहणे, रिबाउंड स्वतः न घेता प्रतिस्पर्ध्याला मागे रेटून धरणे, हात वर करून समोरच्याला अवघड कोनातून फेक टाकायला लावणे, ही ती कामे. कबड्डीत घोटा धरणाऱ्याचे नाव होते, पण त्याच वेळी साखळी धरून चढाईपटूची परतीची वाट बंद करणाऱ्यावाचून ती पकड झाली नसती; तसाच हा प्रकार. अमेरिकन लेखक मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएवर लिहिलेला दीर्घ लेख याच मुद्द्यावर आहे. बॅटिएचे स्वतःचे आकडे साधारण, पण तो मैदानावर असला की सहकारी अधिक चांगले आणि प्रतिस्पर्धी अधिक वाईट खेळत.

संघांची तुलना करताना आणखी एक पायरी चढावी लागते. ७० गुण चांगले की वाईट, हे संघाला किती वेळा चेंडू मिळाला यावर ठरते. तो आकडा तक्त्यात नसतो, पण तळाच्या बेरजांवरून काढता येतो. टाकलेल्या फेकी, त्यांत टर्नओव्हर मिळवायचे, मुक्त फेकींचे ०.४४ पट मिळवायचे आणि आक्रमणातील रिबाउंड वजा करायचे. ०.४४ कशासाठी, तर मुक्त फेकी बहुधा जोडीने मिळतात आणि काही बास्केटसोबत जादा एकेरी मिळतात, म्हणून. ६० फेकी, १५ टर्नओव्हर, २० मुक्त फेकी आणि आक्रमणातील १० रिबाउंड असतील, तर उत्तर ७३.८ येते. म्हणजे सत्तर गुण करणाऱ्या या संघाने दर संधीमागे एक गुणही मिळवला नाही. अमेरिकन अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात सामन्याचा निकाल ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या. फेकींची परिणामकारकता, टर्नओव्हर, आक्रमणातील रिबाउंड आणि मुक्त फेकी. आणि वजनही याच क्रमाने. पराभवानंतर ‘आज नेम लागला नाही’ असे कर्णधार म्हणतो, तेव्हा तळाची ओळ पाहावी. अनेकदा नेम प्रतिस्पर्ध्याइतकाच लागलेला असतो. फरक टर्नओव्हरमध्ये पडलेला असतो.

ज्या वायएमसीएच्या स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ शोधून काढला, त्याच संस्थेचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासमध्ये सुरू केले. नंदनम येथे ते आजही आहे आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी देशाच्या शाळाशाळांत खेळ नेले. स्प्रिंगफील्डच्या पहिल्या सामन्याचा निकाल १-० होता. त्याला तक्ता लागला नसता. आज शाळेच्या सिमेंटच्या मैदानावरही चाळीस मिनिटांत शे-सव्वाशे फेकी होतात आणि त्या लक्षात ठेवणे कोणाही प्रशिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

त्यासाठी संगणक मात्र लागत नाही. बाकावर बसलेले दोन राखीव खेळाडू, एक वही आणि एक पेन्सिल पुरते. एकाने केवळ बोलायचे : ‘सात नंबर, दोनची फेक, चुकली, अकरा नंबर, रिबाउंड, आक्रमणातला.’ दुसऱ्याने मान वर न करता आखलेल्या रकान्यांत रेघा मारायच्या. असिस्ट कशाला म्हणायचे हे दोघांनी सामन्यापूर्वी ठरवून घ्यायचे आणि हंगामभर बदलायचे नाही. सामना संपल्यावर गुणांची बेरीज स्कोअररच्या अधिकृत कागदाशी ताडून पाहायची. ती जुळली, की अकरा नंबरच्या मुलीचे त्या दिवशीचे आक्रमणातील पाच रिबाउंड वहीत राहतात. तिच्या नावापुढे गुण दोनच असले तरी.